घंटेच्या आतलं नाव

माझ्या जावयाने मला फसवलं. तो ब्रिटिश नौदलात अधिकारी आहे, दिलेला शब्द पाळणारा माणूस अशी त्याची ख्याती आहे, आणि माझ्या पहिल्या नातीच्या नावाच्या बाबतीत त्याने मला फसवलं. तिला माझ्या आईचं नाव ठेवायचं असं त्याच्या-माझ्यात ठरलं होतं. ठेवलं भलतंच. त्यात माझी मुलगी सामील होती, माझी बायको सामील होती, आणि जहाजावरचा जो कोणी खलाशी ते नाव पितळेत कोरत बसला तोही सामील होता. नात तीन वर्षांची होईपर्यंत मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर लोक त्याची बाजू घेतील. माझ्या घरातले तर सगळेच घेतात.

मी कॉव्हेंट्रीत कार्पेटं विकली. आधी बाजारात टेबल मांडून उरलेसुरले तुकडे, मग एक दुकान, मग त्याच्या शेजारचंही. आमच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे डॉक्टर. गणपतीची आरती झाली की ते हॉस्पिटलच्या गोष्टी काढायचे आणि मी प्रसादाच्या पातेल्यापाशी उभा राहायचो. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरात पायाखाली माझं कार्पेट होतं, आणि ते किती घासाघीस करून घेतलं हे त्यांना आणि मला माहीत होतं. माझ्याशी सौदा करून गिऱ्हाईक बाहेर पडलं की फुटपाथवर गेल्यावर त्याला कळायचं, आपण नक्की काय मान्य करून आलो. या गोष्टीचा मला अभिमान होता. माझा आवाज चढतो, तो सौद्याच्या कामी यायचा. घरीही चढायचा. घरी तो कशाच्या कामी आला ते आता सांगता येत नाही.

मुलगी डॉक्टर झाली. पोर्ट्समथच्या हॉस्पिटलात लागली, तेव्हा मंडळातल्या लोकांनी मला पहिल्यांदा खुर्ची सरकवून दिली. आणि एक दिवस तिने फोनवर सांगितलं की तिच्याबरोबर एक जण येतोय, मला भेटायला, नौदलातला आहे, आणि बाबा, प्लीज, ओरडू नका.

तो शनिवारी भर गर्दीच्या वेळी दुकानात आला. सूट, टाय, बूट असे की त्यात तोंड बघावं. मी त्याला मुद्दाम मागे गोदामात नेलं, जिथे बसायला गुंडाळ्यांशिवाय काही नव्हतं. तो न झटकता बसला. मी त्याची चौकशी सुरू केली, एखादा माल उलटा करून त्याची वीण बघावी तशी.

वडील प्लिमथच्या गोदीत वेल्डर. गोदीत माणसं कमी केली तेव्हा घरी बसले. हा सोळाव्या वर्षी साधा खलाशी म्हणून नौदलात भरती झाला. पहिलं काम जहाजाची पितळी घंटा घासून चकचकीत ठेवण्याचं. रोज सकाळी, समुद्र खवळला असला तरी. काही वर्षांनी वरिष्ठांनी त्याला निवडून अधिकाऱ्यांच्या कॉलेजात पाठवलं. तिथे बाकीची मुलं मोठ्या फीच्या शाळांमधून आलेली, बोलणं वेगळं, काटाचमचा धरणंही वेगळं. त्याने मला सांगितलं की पहिले सहा महिने तो जेवणाच्या टेबलावर शेवटी हात घालायचा, आधी बाकीचे कसं करतात ते बघून. हे त्याने लाजून सांगितलं नाही आणि फुशारकीनेही नाही. मंडळाच्या पहिल्या जेवणाला मी हेच केलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. सौदा व्हायचा होता.

मग जहाजावर वाट आखायचं काम. नकाशा, भरती-ओहोटी, कुठे किती खोल. मी विचारलं, चूक झाली तर? तो म्हणाला, जहाज उथळात रुतलं तर वाट आखणारा आणि कप्तान दोघांना उत्तर द्यावं लागतं, झोपलेले असले तरी. मला हे आवडलं. आमच्या धंद्यात चूक झाली की सगळे कारखान्याकडे बोट दाखवतात.

माझ्या अटी मी मांडल्या. लग्न आमच्या पद्धतीने, सगळे विधी, काटछाट नाही. आणि पहिलं मूल मुलगी झाली तर बारशाला माझ्या आईचं नाव ठेवायचं. आईने शेताचा तुकडा विकून मला इथे पाठवलं. ती एकदा हिवाळ्यात येऊन आमच्याकडे राहिली, परत गेली, आणि मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तिचं काहीतरी या देशात राहायला हवं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याचीही एक अट आहे. नौदलात जुनी रीत आहे. अधिकाऱ्याला किंवा खलाशाला मूल झालं की जहाजाची घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरतात, जहाजावरचा पाद्री त्या पाण्याने बाळाचं नामकरण करतो, आणि नंतर बाळाचं नाव घंटेच्या आतल्या बाजूला कोरतात. तो खलाशी होता तेव्हा घंटा घासताना आत हात घालून ती नावं बोटांनी चाचपायचा. आपल्या मुलाचं नाव कुठल्यातरी घंटेत असावं एवढंच त्याला हवं होतं.

मी म्हटलं, पाण्याने कुणाचं काही बिघडत नाही, घाला हवं तेवढं. पण बारशाला माझ्या आईचं नाव.

नौदलात हुकूम मिळाला की तो ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहात नाही. ती त्याची सवय. त्याने माझ्याकडे बघून सावकाश परत म्हटलं, "बारशाला तुमच्या आईचं नाव."

मी हात पुढे केला. त्याने मिळवला. मी खूश होतो. मला वाटलं, साधा माणूस आहे, दोन अटींच्या बदल्यात एका पाण्यावर राजी झाला.

लग्न कॉव्हेंट्रीतच, भाड्याच्या हॉलमध्ये. त्याचे मित्र गणवेशात आले, कमरेला तलवारी. मंडळातल्या डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर रांग लावून फोटो काढून घेतले. सगळं रीतसर झालं. आणि शेवटी लक्ष्मीपूजनाच्या वेळी गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले, जावयाच्या हातात अंगठी दिली आणि सांगितलं, बायकोचं सासरचं नवीन नाव तांदळात लिहा. मी एक नाव आधीच काढून ठेवलं होतं, त्याच्या आडनावाला शोभेल असं. त्याने विचारलं, तिचं नाव कशासाठी बदलायचं? गुरुजी म्हणाले, प्रथा आहे. तो म्हणाला, पण तिच्या नावात काय बिघाड आहे? लोक हसले. त्याने वाकून तांदळात तिचं होतं तेच नाव लिहिलं, मोठ्या सुट्या अक्षरांत, नकाशावर बंदराचं नाव लिहावं तसं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. म्हटलं, बरं झालं, पासपोर्टची खटपट वाचली. माझी बायको खांबाशी उभी राहून डोळे पुसत होती. मुलीच्या लग्नात आया डोळे पुसतातच.

त्यानंतर तो येत राहिला, म्हणजे किनाऱ्यावर असेल तेव्हा. आठ-आठ महिने नसायचा. इराकच्या लढाईच्या सुमारास तो आखातात होता आणि मुलगी पोटुशी. टीव्हीवर बातम्या लागल्या की बायको उठून स्वयंपाकघरात जायची. त्याचं पत्र, फोन, जे काही यायचं त्यात तो काय करतो हे कधी नसायचं. हवा कशी आहे आणि जेवायला काय होतं, एवढंच. आला की आमच्या घरी जेवणानंतर भांडी तोच घासायचा. मी पहिल्यांदा हरकत घेतली. जावयाने भांडी घासायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "बाबा, जहाजावर ज्याच्या हाताला काम नाही तो वाटेत येतो." 'बाबा' त्याने मराठीतच म्हटलं. मग मी बाहेर बातम्या बघायचो आणि आत नळाचा आवाज यायचा, तो आणि माझी बायको काहीबाही बोलत असायचे. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्याचं मराठी पाच शब्दांचं. बोलून बोलून काय बोलणार, असं मला वाटायचं.

नात झाली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते जहाज परत येईपर्यंत थांबलं. मग आमच्या घरी, फुलं लावलेल्या पाळण्यासह, थाटात झालं. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. इथे आत्या म्हणजे जावयाची बहीण, प्लिमथच्या शाळेत भूगोल शिकवणारी, उंच, लालबुंद बाई. तिला माझ्या बायकोने आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं, पण एक सांगायचं राहिलं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि मंडळातल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. ती दचकून म्हणाली, मी काय चुकीचं बोलले? खोली हसून हसून आडवी झाली. मग तिने मोठ्याने नाव सांगितलं. माझ्या आईचं. उच्चार धड नव्हता, पण नाव तेच. मी सगळ्यांना पेढे वाटले. एका डॉक्टरला दोन दिले.

घंटेचा समारंभ त्यानंतर पोर्ट्समथला, आठवड्याच्या मधल्या वारी. त्या दिवशी माझं एका शाळेचं मोठं काम होतं, फिटर घेऊन मलाच जायला हवं होतं. बायको ट्रेनने एकटी गेली. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, छान झालं. मी विचारलं, पाणी गार होतं का? म्हणाली, नाही, कोमट केलं होतं. मी आणखी काही विचारलं नाही.

पुढची वर्षं मुलगी, जावई, बायको, सगळे माझ्यासमोर नातीला 'चिमणी' म्हणायचे. आपल्याकडे घरचं नाव वेगळं असतंच, मला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र तिला आईच्या नावाने हाक मारायचो. ती मान वळवायची नाही. पुन्हा हाक मारली तरी नाही. मी मंडळात कौतुकाने सांगायचो, पणजीवर गेलीय, हट्टी आहे, दोन हाकांत येत नाही. आज हे आठवलं की कान तापतात. ते पोर हट्टी नव्हतं. मी कुणा दुसऱ्यालाच हाक मारत होतो.

मग सरकारने त्याचं जहाज मोडीत काढायचं ठरवलं. जावई तोवर त्याच जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी झाला होता. निरोपाच्या समारंभाला घरच्यांना बोलावलं होतं. मी नवा सूट घातला. बंदरावर बँड वाजला, पाद्र्याने प्रार्थना म्हटली, झेंडा सावकाश खाली आला. एवढे धडधाकट पुरुष सरळ उभे राहून नाकपुड्या आवळत होते. जावयाची आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, याचे वडील आज असायला हवे होते, आयुष्यभर त्यांनी जहाजं जोडली, हे मोडीत निघताना बघून रडले असते. मी मान हलवली.

नंतर जहाजावरच चहा, सँडविच, एक भला मोठा केक. घंटा तिथेच एका चौकटीत टांगलेली, घासून सोन्यासारखी केलेली. मी ती बघितली आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला. हे जहाज भंगारात जाणार, मग घंटाही जाणार. मी कप्तानाला गाठलं आणि विचारलं, हिचं काय घ्याल? त्याला वाटलं मी थट्टा करतोय, तो हसला. मी म्हटलं, मी गंभीर आहे, तुम्ही आकडा बोला. गणवेशातला तो माणूस, हातात चहाचा कप, आपलं जहाज त्या दिवशी गमावलेला, आणि मी त्याला भाव विचारत होतो. त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं की घंटा विकाऊ नसते, ती नौदलाच्या कोठारात जाते, आणि ज्या मुलांची नावं आत आहेत त्यांना ती कधीही बघायला येता येतं. मग म्हणाला, तुमच्या नातीचंही आहे की, बघितलंत का?

बघायला मला गुडघ्यांवर बसावं लागलं. चष्मा पुसला, मान वाकडी केली, घंटेच्या आत डोकं घातलं. एकाखाली एक नावं होती, बरीचशी जुनी, घासून घासून बुजत आलेली. सगळी इंग्रजी. शेवटचं ताजं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण नाव आपल्याकडचं. चांगलं, जुनं, बायकांचं नाव. माझ्या आईचं नव्हतं.

मी पुन्हा वाचलं. आईचं नाव वर कुठे आहे का ते शोधलं. मग झटक्यात उठलो. डोकं घंटेवर आपटलं आणि ती वाजली. जहाजावर कारणाशिवाय घंटा वाजत नाही. सगळे बोलायचे थांबले आणि माझ्याकडे वळले.

मी तिथेच तोंड सोडलं. त्याच्या कप्तानासमोर, त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर, त्याच्या आईसमोर. म्हटलं, हात मिळवून शब्द दिला होतास. म्हटलं, आमच्या बाजारातला भुरटा विक्रेतासुद्धा असा उलटत नाही. इंग्रजीत 'लायर' म्हटलं, आणि कमी पडलं म्हणून मराठीतही लबाड म्हटलं. मुलगी धावत आली. तिचं मराठी घाबरली की आणखी बिघडतं. "बाबा, तो चूक माझा आहे, त्याचा नाही." मी तिला गप्प केलं. नात आजीच्या साडीत तोंड लपवून उभी होती.

जावई टोपी काखेत धरून ताठ उभा होता. मला वाटलं तो म्हणेल, बारशाला तुमच्या आईचंच नाव ठेवलं होतं, जसं बोललो तसं. म्हणू शकला असता. माझ्या अटीत बारसं होतं, घंटा नव्हती, जन्माची नोंद नव्हती, रोजची हाक नव्हती. असल्या फटींतच मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना अडकवलं होतं. पण तो ते म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "निर्णय माझा होता, बाबा. उत्तर मी देईन."

"मग दे. कुणाचं नाव आहे ते?"

त्याने माझ्या बायकोकडे बघितलं. तेव्हा माझी बायको, एका हातात केकची कागदी बशी आणि दुसऱ्या हातात नातीचा हात, शांतपणे म्हणाली, "अहो, ते माझं नाव आहे."

आणि मी म्हणालो, "तुझं कुठलं?"

हे वाक्य मला परत घेता येत नाही. तुझं कुठलं, तुझं नाव तर हे, असं म्हणून मी तिला हाक मारतो ते नाव तिथे सगळ्यांसमोर उच्चारलं, जणू तिला आठवण करून देत होतो.

ती म्हणाली, "ते तुम्ही दिलेलं. हे माझं." मग ती नातीला म्हणाली, "चल, तुला क्रीम लागलंय तोंडाला."

भोवतालच्या इंग्रज माणसांना मराठी कळत नव्हतं, ही देवाची कृपा. पण त्यांना सगळं कळलं असं मला त्यांच्या तोंडांवरून वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघणं थांबवलं. कुणीतरी मला चहा आणून दिला.

घरी परतताना गाडी मी चालवत होतो. ऑक्सफर्ड मागे पडलं. मी आठवत होतो. आमच्या लग्नात मीही तांदळात अंगठीने नाव लिहिलं होतं. आईने सांगितलेलं. आमच्या भावकीत एक तरुण बाई विधवा झाली होती, तिचं आणि नवरीचं नाव एकच, म्हणून आईला ते नाव उंबऱ्याच्या आत नको होतं. हे कारण मला आठवलं. लग्नपत्रिकेचा रंग आठवला. पण ते जुनं नाव, जे त्या पत्रिकेवर छापलं होतं, ते मात्र घंटेत वाचूनही माझ्या ओळखीचं झालं नव्हतं. तिच्या माहेरी तिला सगळे ताई म्हणत. बाजारातल्या टेबलावर विकलेल्या पहिल्या तुकड्याची नक्षी मला अजून सांगता येते.

शेवटी मी विचारलं, त्याला कसं कळलं?

"भांडी घासताना विचारलं त्यांनी. पोरीच्या लग्नानंतर लगेच. तांदळाच्या आधी तुमचं काय नाव होतं म्हणून."

"आणि तू सांगितलंस."

"विचारलं म्हणून सांगितलं."

मग तिने पुढचंही सांगितलं, खिडकीबाहेर बघत. आईचं नाव नातीला ठेवलं असतं तर तिला ते तोंडातून काढता आलं नसतं. सासूचं नाव सून घेत नाही. तिने कधी घेतलं नव्हतं, आणि आई गेली तरी तिच्याने घेववत नव्हतं. आपल्याच नातीला तिने आयुष्यभर काय म्हणून हाक मारायची? हे मुलीच्या लक्षात आलं, आणि तिने नवऱ्याला सांगितलं. दोघांनी मिळून ठरवलं. माझ्याशी बोलायचं की नाही यावर त्यांचं बरंच झालं, आणि शेवटी जावई म्हणाला की वादळ यायचंच असेल तर ते माझ्यावर येऊ दे.

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस तू. माझ्याशी बोलायचं होतंस."

ती म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना ते तांदळात. तुम्हाला काय सांगायचं?"

मी जावयाची माफी मागितली नाही. जमलं नाही. दुकानातलं सगळ्यात चांगलं लोकरीचं कार्पेट त्याच्या जिन्यासाठी पाठवलं, फिटरसकट. त्याचा फोन आला. म्हणाला, आमच्या जिन्याला हे फार भारी आहे, बाबा. जहाजावरच्या त्या दिवसाबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. पुढे त्याला स्वतःचं जहाज मिळालं, लहानसं, समुद्रातले सुरुंग शोधणारं. पहिल्यांदा कप्तान म्हणून बाहेर पडला तेव्हा मी पोर्ट्समथच्या धक्क्यावर उभा होतो. त्याने वरून सलाम केला. तो मला होता की माझ्या शेजारी उभ्या माझ्या बायकोला, हे मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

मंडळात ही गोष्ट कळली. कशी कळली ठाऊक नाही. कुणी काही बोलत नाही. फक्त एका गणपतीत एका डॉक्टरच्या बायकोने माझ्या बायकोला त्या जुन्या नावाने हाक मारली, अगदी सहज, आणि ती "ओ" म्हणून वळली. मी घरी आल्यावर तीच हाक मारून बघितली. ती स्वयंपाकघरात होती. तिने मान वळवली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या तोंडी नको. सवय नाही."

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण परवा मला एक सुचलं आणि तेव्हापासून धड झोप नाही. माझ्या आईचंही ते नाव तांदळातलंच असणार. तीही सून होऊन त्या घरात आली होती. ज्या नावासाठी मी हात मिळवले, पेढे वाटले, ज्या नावासाठी एका सज्जन माणसाला त्याच्याच जहाजावर लबाड म्हटलं, ते आईचं नव्हतंच. आईचं कुठलं? मामा वारले. आजोळचं कुणी उरलं नाही. मी बायकोला विचारलं, तुला काही कल्पना आहे का?

ती म्हणाली, आहे. आई त्या हिवाळ्यात इथे राहिली तेव्हा मी दिवसभर दुकानात असायचो. बाहेर अंधार, बर्फ, आणि घरात त्या दोघी. एका दुपारी आईनेच सांगितलं होतं. त्या दोन बायका दिवसभर काय बोलत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी म्हटलं, काय होतं नाव?

ती म्हणाली, "विचारायला एवढी वर्षं लावलीत. सांगायलाही लागू देत थोडी." आणि जावयाला भांडी घासताना ते सांगून झालंय, हेही तिने लपवलं नाही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, माफ करा बाबा, ते सांगायचा अधिकार मला नाही.

मला लाज वाटते, हे मी लिहून दिलं. पानोपानी दिलं. त्याहून जास्त माझ्याकडून कुणाला काय हवंय ते कळू दे. पण एका इंग्रज अधिकाऱ्याला माझ्या आईचं नाव माहीत असावं आणि मला नसावं, ही कुठली रीत? हे मी आज लिहून पूर्ण करतोय, आणि हे कागद तिच्या पोळपाटाशेजारी नेऊन ठेवणार आहे. यात घासाघीस नाही, अट नाही, बदल्यात काही मागत नाही. तिने वाचावं, आणि माझ्यासमोर बसून उत्तर द्यावं. माझ्या आईचं नाव काय होतं?